जुन्या ट्रकचं मॉडेल वर्ष सिरीयल नंबरवरून कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं १९२० ते १९८० या काळातल्या अमेरिकी पिकअप आणि ट्रकांबद्दल आहेत, कारण प्रश्न जास्त त्यांच्याबद्दलच येतात. ट्रकवरचे नंबर रोमन मोठ्या अक्षरांत असतात. इथे ती अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, आणि वाचायला सोपं जावं म्हणून मधे आडव्या रेघा टाकल्या आहेत. प्रत्यक्ष पाटीवर त्या रेघा असतीलच असं नाही.

माझ्याकडे नंबर आहे. वर्ष लगेच का सांगता येत नाही?

कधीकधी येतं. पण त्याआधी नंबर कोणत्या पद्धतीचा आहे ते ठरवावं लागतं. १९८१ च्या आधी प्रत्येक कंपनीची नंबर द्यायची रीत वेगळी होती, आणि तीही दर काही वर्षांनी बदलत असे. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनी (ओझं वाहण्याच्या क्षमतेवरून पडलेला वर्ग) ट्रकवरचं 'एच' हे एकच अक्षर घ्या. १९४७ ते १९५२ च्या पद्धतीत ते वर्षाच्या जागी आलं तर १९५०. त्याच नंबरात महिन्याच्या जागी आलं तर ऑगस्ट. आणि १९५३ च्या नंबरात अगदी सुरुवातीला आलं तर त्याचा वर्षाशी काही संबंधच नाही, ते अर्ध्या टनाच्या मॉडेलचं चिन्ह आहे. म्हणून 'माझ्या नंबरात एच आहे, म्हणजे कुठलं साल?' या प्रश्नाला उत्तर नसतं. पूर्ण नंबर, त्यातल्या अक्षर-अंकांचा क्रम आणि तो ट्रकवर कुठे सापडला, एवढं कळलं की बोलता येतं.

मॉडेल वर्ष म्हणजे ट्रक बनला ते वर्ष ना?

नेहमी नाही. इथे तीन वर्षं असतात आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. एक, कंपनीने त्या गाडीला दिलेलं मॉडेल वर्ष. दोन, ट्रक कारखान्यातून प्रत्यक्ष बाहेर पडला ते वर्ष. तीन, तो पहिल्यांदा विकला गेला किंवा नोंदला गेला ते वर्ष. नवं मॉडेल बहुतेकदा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होई, त्यामुळे ऑक्टोबर १९६६ मध्ये बनलेला ट्रक १९६७ चं मॉडेल असू शकतो. तो चुकीचा नोंदला गेला असं नव्हे.

मोठ्या ट्रकांच्या बाबतीत हे आणखी सैल होतं. काही कंपन्या दरवर्षी नवं मॉडेल काढतच नसत. एकच मालिका दोन-तीन वर्षं चाले आणि कागदावर विक्रीचं साल पडे. अशा ट्रकला '१९५१ चं मॉडेल' म्हणण्यापेक्षा मालिकेचं नाव आणि बनल्याचा अंदाजे काळ सांगणं जास्त प्रामाणिक.

नंबर कुठे शोधायचा?

आधी सोप्या जागा बघा. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर दिसणारा खांब, दरवाजाची कड, डॅशबोर्ड, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू. १९४७ ते १९५५ च्या शेव्हरोलेची पाटी डाव्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर असते. १९४८ नंतरच्या फोर्ड एफ-मालिकेतल्या सुरुवातीच्या ट्रकांत ती ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर सापडते.

मग चासी, म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा. फोर्डमध्ये उजव्या बाजूच्या चासी-पट्टीच्या वरच्या अंगावर, पुढच्या भागात, नंबर ठोकलेला असतो. पुढचं मडगार्ड किंवा केबिन कधी आड येतं, तेव्हा आरसा आणि टॉर्च घेऊन आडवं व्हायची तयारी ठेवा. फोर्डच्या ठशाच्या दोन्ही टोकांना चांदणीसारखी खूण असते. ती दिसली की नंबर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळतं, एखादा अंक गंजात गेला आहे का तेही.

इंजिनवरचा नंबर सगळ्यात शेवटी. तो सापडायला सोपा असतो, म्हणूनच लोक आधी तोच पाठवतात. पण पन्नास-साठ वर्षांच्या कामाच्या ट्रकमध्ये मूळ इंजिन टिकलेलं असेलच याची खात्री काय?

चासीवरचा नंबर गंजाखाली आहे. ग्राइंडर मारू का?

नको. ठसा फार खोल नसतो आणि ग्राइंडर किंवा जोरदार सँडब्लास्टिंग तो कायमचा घालवू शकतं. तो जर ट्रकची एकमेव कायदेशीर ओळख असेल तर नंतर फार महागात पडतं. गंज मऊ करणारं तेल लावून रात्रभर ठेवा, रंग काढायचं द्रावण वापरा, मग हाताने पितळी तारेचा ब्रश फिरवा. पृष्ठभाग कोरडा झाला की खडू घासा. खोलगट रेषांत पांढरं राहतं. टॉर्च समोरून न धरता अगदी तिरका धरा, सावलीत अंक उठून दिसतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छापही घेता येतो. वेगवेगळ्या उजेडात बरेच फोटो काढा. एका फोटोत ३ वाटणारा अंक दुसऱ्यात ८ निघतो.

वाचताना फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी, सहा आणि जी. शंका असेल तिथे दोन्ही शक्यता लिहून ठेवा. अंदाजाने एक निवडलात की पुढची सगळी जुळवाजुळव त्या अंदाजावर उभी राहते.

नंबर सतरा अक्षरांचा असेल तर?

मग तुमचं काम सोपं आहे, आणि बहुतेक तुमचा ट्रक १९८१ किंवा नंतरचा आहे. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल वर्षापासून सतरा अक्षरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे वरचा गोंधळ बराच कमी. डावीकडून दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: बी म्हणजे १९८१, सी १९८२, डी १९८३, असं पुढे. एच १९८७ आणि त्यानंतर थेट जे १९८८. वाय म्हणजे २०००, मग १ ते ९ हे अंक २००१ ते २००९ साठी, आणि २०१० ला पुन्हा ए पासून सुरुवात. यू आणि झेड वर्षाच्या जागी येत नाहीत. नववी जागा तपासणी अंकाची असते. बाकीच्या अक्षरांवरून ठरलेलं गणित करून तो निघतो, त्यामुळे एखादं अक्षर चुकीचं वाचलं असेल तर बहुतेक वेळा लगेच उघडकीला येतं.

ऑनलाइन डीकोडर (नंबर फोडून अर्थ सांगणारी वेबसाइट) माझा नंबर 'अवैध' म्हणतो. पाटी खोटी आहे का?

यावरून तसं काही ठरत नाही. ते डीकोडर सतरा अक्षरांसाठी बनवलेले आहेत. १९५१ च्या ट्रकचा नंबर त्यात बसणारच नाही.

शेव्हरोले, १९४७ ते १९५५. यांचा नंबर कसा फोडायचा?

ही मालिका २८ जून १९४७ ला बाजारात आली आणि २५ मार्च १९५५ ला तिच्या जागी नवी आली. नंबरांच्या दृष्टीने तिचे दोन भाग पडतात.

१९५२ पर्यंत वर्ष अक्षराने दाखवत. अर्ध्या टनाच्या ३१०० मॉडेलसाठी ईपी म्हणजे १९४७, एफपी १९४८, जीपी १९४९, एचपी १९५०, जेपी १९५१ आणि केपी १९५२. आय गाळला आहे हे लक्षात घ्या, नाहीतर १९५१ पासून पुढचं सगळं एका वर्षाने सरकेल. दुसरं अक्षर वजनाच्या वर्गाचं: पी अर्धा टन, आर पाऊण टन, एस एक टन.

आता पूर्ण नंबर बघू: ५-जेपी-एच-४५६७. पहिला ५ कॅन्सस सिटीच्या कारखान्याचा (३ असता तर सेंट लुईस, ६ असता तर ओकलंड). जेपी म्हणजे १९५१, अर्धा टन. पुढचा एच महिना सांगतो, ए जानेवारी धरून आठवा, म्हणजे ऑगस्ट. शेवटचे अंक त्या कारखान्यातला अनुक्रम. वर्ष, वर्ग, गाव आणि महिना इतक्या थोड्या अक्षरांत सांगणारी ही पद्धत मला सगळ्या जुन्या पद्धतींत उजवी वाटते.

१९५३ ला ती मोडली. तेव्हापासून एच-५३-के-००१२३४ असा नंबर येतो. एच म्हणजे ३१०० मॉडेल, ५३ हे सरळ साल, के म्हणजे कॅन्सस सिटी, आणि मग अनुक्रम. महिना गेला. आदल्या पद्धतीत के हे अक्षर महिन्याच्या जागी नोव्हेंबर दाखवायचं. नव्यात ते गावाचं झालं. जुना तक्ता नव्या नंबराला लावणारे इथेच अडकतात.

पाटी गेलेली असेल तर अंगावरच्या खुणा बऱ्यापैकी मदत करतात. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असेल तर १९४९ किंवा नंतरचं. दारांना छोटी फिरणारी त्रिकोणी काच असेल तर १९५१ किंवा नंतरचं. दाराला दाबायचं बटण असेल तर १९५२ पासून पुढचं. समोरची काच एकसंध आणि जाळी नवी असेल तर १९५४ किंवा १९५५ चा पहिला भाग. अर्थात दारं बदलता येतात. एका दाराला त्रिकोणी काच आणि दुसऱ्याला नाही असे ट्रक दिसतात, तेव्हा त्या खुणेला फार किंमत देऊ नका.

१९५५ बद्दल खास: त्या एका वर्षात दोन पूर्ण वेगळे ट्रक विकले गेले, मार्चपर्यंत जुन्या अंगाचा आणि मग नव्या अंगाचा. दोघांचं मॉडेल वर्ष १९५५ च. सुटे भाग मागवताना फक्त साल सांगून भागत नाही.

आणि १९६० नंतरच्या शेव्हरोलेचं काय?

१९६० ते १९६६ मध्ये पहिलाच अंक सालाचा शेवटचा अंक असतो. ४-सी-१४४-एस असं सुरू होणारा नंबर १९६४ चा. १९६७ ला क्रम बदलला आणि सालाचा अंक पाचव्या जागी गेला: सी-ई-१-४-९-एस मध्ये ९ म्हणजे १९६९, ई म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, आणि ई च्या जागी एस असेल तर सहा सिलिंडर. १९७३ पासून सुरुवातीला तीन अक्षरं आहेत आणि सालाचा अंक सहाव्या जागी: सी-सी-वाय-१-४-३ म्हणजे १९७३.

एकाच अंकाने वर्ष दाखवल्यामुळे दशक कळत नाही, ते नंबरच्या ठेवणीवरून ठरवायचं. अंक आधी की अक्षर आधी, सुरुवातीला अक्षरं किती, एवढं बघितलं तरी १९६४ आणि १९७४ यांत गोंधळ होत नाही.

जीएमसीला शेव्हरोलेचा तक्ता चालेल का?

चालणार नाही. जीएमसी हा शेव्हरोलेसारखाच जनरल मोटर्सचा ट्रक ब्रँड. पन्नासच्या दशकात दोन्हींचं अंग जवळपास सारखं असलं तरी नंबर देण्याची रीत वेगळी होती. जीएमसीसाठी जीएमसीचाच तक्ता शोधा.

फोर्ड एफ-१ चा नंबर ९८-आरसी ने सुरू होतो. म्हणजे १९४९ ना?

१९४९ किंवा १९५०. याच कारणामुळे हा प्रश्न सारखा येतो.

एफ-मालिका १९४८ ला सुरू झाली. त्या वर्षीच्या अर्ध्या टनी ट्रकचे नंबर सहा सिलिंडरसाठी ८७-एचसी आणि व्ही-८ साठी ८८-आरसी असे सुरू होतात. पहिला ८ म्हणजे १९४८. पुढच्या वर्षी ते ९७-एचसी आणि ९८-आरसी झाले, आणि १९५० ला फोर्डने ते बदललेच नाहीत. अनुक्रमाचे आकडे मात्र पुढे चालू राहिले. तेव्हा या दोन वर्षांत फरक करायचा तर सुरुवातीची अक्षरं सोडून शेवटचे अंक अनुक्रमाच्या तक्त्याशी ताडून बघावे लागतात. बाहेरून फारशी मदत होत नाही, कारण १९४८ ते १९५० चे ट्रक दिसायला जवळपास सारखेच. समोरची नवी जाळी १९५१ ला आली.

१९५१ पासून साल पुन्हा नंबरात आलं: एफ१-आर-१ म्हणजे एफ-१, व्ही-८, १९५१. एफ१-डी-२ म्हणजे सहा सिलिंडर, १९५२. १९५३ ला एफ-१ चं नाव एफ-१०० झालं आणि नंबर एफ१०-डी-३ अशा रूपात आला. त्या वर्षी कंपनीला पन्नास वर्षं झाली होती आणि स्टीअरिंगच्या मधल्या हॉर्न बटणावर तसं लिहिलेलं असे, ते शाबूत असेल तर छान. १९५४ चा व्ही-८ एफ१०-व्ही-४. १९५६ ओळखायला तर पाटीही लागत नाही: समोरची काच दोन्ही बाजूंना वळलेली आणि तिचे खांब उभे. त्या अंगाला अशी काच त्या एकाच वर्षी होती.

मग १९६४ च्या फोर्डमध्ये सालाचा अंक कुठे आहे?

नाहीच. १९६१ ते १९६६ च्या एफ-१०० चा नंबर एफ१०-जे-के आणि पुढे सहा अंकी अनुक्रम असा असतो: मॉडेल, इंजिन, कारखाना, अनुक्रम. दरवर्षी अनुक्रम पुन्हा एकपासून सुरू न करता आदल्या वर्षाच्या पुढे चालवला, त्यामुळे अनुक्रम कोणत्या पट्ट्यात पडतो त्यावरून साल काढायचं. पट्ट्याच्या अगदी सीमेवरचा नंबर असेल तर इतर पुराव्यांशिवाय ठामपणे काही सांगू नये.

त्याहून जुने फोर्ड ट्रक, मॉडेल टीटी आणि मॉडेल एए?

यांचा सिरीयल नंबर म्हणजेच इंजिन नंबर. कंपनीच्या नोंदीत अमुक इंजिन नंबर अमुक तारखेचा असं असतं, आणि ती तारीख इंजिनाची आहे, ट्रकची नाही. ट्रक त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुळवला गेला असेल. डिसेंबरअखेरचं इंजिन जानेवारीच्या ट्रकमध्ये बसलेलं असणं अगदी शक्य आहे. मॉडेल एए साठी चासीवरही तोच नंबर ठोकलेला असतो, पण केबिनच्या पुढच्या भागाखाली झाकलेला, त्यामुळे तो बहुतेकांना ट्रक खोलल्यावरच दिसतो. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर वेगळे असतील तर चासीवरचा धरा.

डॉज आणि इंटरनॅशनल?

डॉजच्या १९४८ नंतरच्या ट्रकांत मॉडेलचं नावच बरंच सांगून जातं. बी-१ म्हणजे १९४८-४९, बी-२ म्हणजे १९५०, बी-३ म्हणजे १९५१-५२, बी-४ म्हणजे १९५३. त्यापुढचं अक्षर वर्ग दाखवतं, आणि पॉवर वॅगन या डॉजच्याच ट्रकसाठी तिथे पीडब्ल्यू येतं.

इंटरनॅशनलमध्येही आधी मालिका बघा: केबी १९४७ ते १९४९, एल १९५० ते १९५२, आर १९५३ ते १९५५. या कंपनीची एक गोष्ट बाकीच्यांना हेवा वाटावा अशी आहे. प्रत्येक ट्रकसाठी 'लाइन सेटिंग तिकीट' नावाचा कागद बने आणि त्यात त्या ट्रकला कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता मागचा अ‍ॅक्सल लावला ते सगळं नोंदलेलं असे. तुमच्या नंबरचं तिकीट मिळालं तर तर्क करत बसायची गरज राहत नाही.

लष्करी ट्रक आहे, त्याचं काय?

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी वाहनांत डॅशबोर्डवर माहितीच्या पाट्या असत आणि त्यांपैकी एकीवर लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख असे. पण या पाट्या नव्याने बनवून सर्रास विकल्या जातात. कोऱ्या चकचकीत पाटीवर विश्वास टाकण्याआधी चासी बघा.

इंजिनच्या ब्लॉकवर ओतीव अक्षरं आहेत. त्यांवरून वर्ष कळतं का?

त्या भागाचं कळतं. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर डी-१५-१ अशी खूण असेल तर महिना, दिवस आणि सालाचा शेवटचा अंक, म्हणजे एकने संपणाऱ्या सालातला १५ एप्रिल. दशक कास्टिंग नंबरवरून (ब्लॉकवर ओतलेल्या भाग-क्रमांकावरून) काढायचं. ठोकलेला इंजिन कोड वेगळा: एफ-१२०५ असं काही दिसलं तर फ्लिंटचा कारखाना, ५ डिसेंबर. त्यात साल नसतं.

फोर्डमध्ये क्रम उलटा, आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेला. याशिवाय भागाच्या नंबरात सी८टीई असं येतं: सी म्हणजे साठचं दशक (डी सत्तरचं), ८ म्हणजे १९६८, टी ट्रक, ई इंजिन. हे त्या भागाच्या आराखड्याचं साल आहे. तोच भाग पुढे कित्येक वर्षं बनत राहिलेला असू शकतो, म्हणून सी८टीई बघून ट्रकला १९६८ म्हणू नका.

साधा हिशेब असा: मूळ भागाची तारीख ट्रकच्या आधीची, काही दिवस ते काही महिने, असायला हवी. ट्रक ऑगस्ट १९५१ चा आणि ब्लॉक नोव्हेंबरचा निघाला तर ते इंजिन नंतर आलं. उलट ब्लॉक, मागचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचं घर, तिन्हींवर मे ते जुलैच्या तारखा निघाल्या तर पाटीवरच्या ऑगस्टला चांगला आधार मिळाला.

कागदावर १९५२ आहे आणि नंबर १९५० म्हणतो. खरं कोण?

ट्रकपुरतं बोलायचं तर नंबर. पण कागद खोटा आहे असं लगेच धरू नका. ट्रक दोन वर्षं न विकता उभा राहिला असेल, विक्रीचं साल लिहिलं गेलं असेल, किंवा नोंद करणाऱ्याने मालकाच्या सांगण्यावरून साल टाकलं असेल. अमेरिकेच्या अनेक राज्यांत पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत गाडी इंजिन नंबरवर नोंदली जाई. पुढे इंजिन बदललं, कागद तसाच राहिला, आणि आज कागदावरचा नंबर ट्रकवर कुठेच सापडत नाही. अशा वेळी जुने कागद जितके मागे जाऊन मिळतील तितके मिळवा.

पाटीवर एक नंबर आणि चासीवर दुसरा आहे. घ्यावा का?

माझं मत, त्याचा खुलासा होईपर्यंत पैसे देऊ नका. कारण साधंही असू शकतं. कामाच्या ट्रकांची केबिन अपघातानंतर दुसऱ्या ट्रकवरून आणून बसवत, आणि दरवाजाच्या खांबावरची पाटी तिच्याबरोबर आली. पण चोरीची गाडी लपवायचीही हीच जुनी पद्धत आहे. पाटीचे रिवेट किंवा स्क्रू बघा: ताजे आहेत का, त्याच खांबावर जुनी रिकामी भोकं आहेत का, पाटीभोवतीचा रंग तिच्याखाली गेला आहे का. चासीच्या ठशाभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथेच थांबा.

माझी पाटी झिजली आहे. नवी करून लावली तर चालेल?

आधी तुमच्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. अमेरिकेत ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा संघीय गुन्हा आहे, आणि इतरत्रही याकडे हलकेपणाने बघत नाहीत. रंगकामासाठी पाटी काढायचीच वेळ आली तर आधी ती जागेवर असतानाचे फोटो काढा, रिवेट सांभाळून ठेवा, आणि झिजलेली का असेना, मूळ पाटीच परत लावा. अस्पष्ट मूळ पाटीची किंमत जाणकाराच्या नजरेत नव्या चकचकीत पाटीपेक्षा नेहमीच जास्त असते.